पंचांवर खापर फोडण्यापूर्वी

आपला संघ हरला की पंच विकला गेला असे म्हणून मोकळे होण्याची सोपी रीत जगभर रूढ आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये तर तिला जणू कुलाचाराचे स्थान मिळाले आहे. पंचाचा पिवळा रुमाल मैदानात पडला, दंड झाला, की ‘पक्षपात!’ असा गिल्ला सुरू होतो. या गिल्ल्याला आमचा विरोध आहे. पंच चुकत नाहीत असे आम्ही म्हणत नाही. ते चुकतात, आणि तेव्हा न्यायाचा खरा प्रश्न या कोलाहलात हरवून जातो.

प्रथम आपल्या नजरेचे पाहू. १९५१ साली डार्टमथ आणि प्रिन्स्टन यांच्यात एक धसमुसळा सामना झाला. पुढे हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याची एकच फिल्म दाखवून नियमभंग मोजावयास सांगितले. डार्टमथच्या संघाचे नियमभंग प्रिन्स्टनकरांना सरासरी ९.८ दिसले, तर डार्टमथकरांना ४.३! कोणी जाणूनबुजून खोटे बोलत होते असे नव्हे. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसावे आणि आपल्या डोळ्यातले मुसळ दिसू नये, हा मनुष्यस्वभाव आहे. नॉटर डेम या विख्यात कॅथलिक विद्यापीठाचे चाहतेही त्याला अपवाद नाहीत. १ जानेवारी १९९१ रोजी ‘ऑरेंज बोल’मध्ये त्यांच्या रॉकेट इस्माईलने शेवटच्या मिनिटात ९१ यार्ड धाव घेतली, पण सहकाऱ्याने प्रतिस्पर्ध्याला पाठीमागून अडवल्याचा दंड झाला, धाव रद्द ठरली आणि कोलोरॅडो १०–९ असा जिंकला. तो दंड योग्य की अयोग्य, याचे उत्तर अजूनही बहुधा उत्तर देणाऱ्याच्या निष्ठेवरून ठरते.

मग सगळाच संशय निराधार काय? तसेही नाही. तेथील पंच बहुतांशी विद्यापीठांच्या गटांनीच नेमलेले असतात, आणि संघांच्या यशापयशात त्याच गटांचे आर्थिक हित गुंतलेले असते. २००६ साली ऑरेगॉनने आपल्या मैदानावर ओक्लाहोमाला ३४–३३ असे हरवले, ते एका उघड चुकीच्या निर्णयानंतर. बाहेरच्या संघाशी घरच्या मैदानावर खेळतानाही पंच आमचेच असतील, असा ऑरेगॉनच्या गटाचा त्या वेळी नियम होता. पंच कितीही सचोटीचे असोत, अशा नियमाने त्यांच्यावर संशय ओढवणारच. परंतु शिक्षा कोणाला झाली? पंचांना एका सामन्यापुरते निलंबित केले गेले, आणि चित्रफीत पाहून निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याला तर ठार मारण्याच्या धमक्या आल्या. नियम करणारे मात्र सुखरूप राहिले!

याहून गंभीर प्रश्न चुकीचा लाभ घेणाऱ्यांचा आहे. या खेळात दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. ६ ऑक्टोबर १९९० रोजी मोजणी चुकली, कोलोरॅडोला पाचवा प्रयत्न मिळाला आणि त्याच्या बळावर त्यांनी मिझुरीला ३३–३१ असे हरवले. पंच निलंबित झाले. विजय मात्र कोलोरॅडोने सोडला नाही, आणि मोसमाअखेर राष्ट्रीय विजेतेपदात वाटाही मिळवला. याउलट १९४० साली कॉर्नेलने अशाच पाचव्या प्रयत्नावर डार्टमथला ७–३ असे हरवले होते. फिल्म पाहिल्यावर चूक ध्यानी आली, पंचांनी ती मान्य केली आणि कॉर्नेलने तार करून विजय परत केला. नोंदीत आजही डार्टमथ ३–० असा विजयी आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पंचांची नेमणूक कोणत्याही गटाच्या हाती असू नये. ज्याचे हित गुंतले आहे त्याने न्यायाधीश नेमू नये, हे तत्त्व न्यायालयाइतकेच मैदानालाही लागू आहे. आणि विद्यापीठ म्हणवणाऱ्या संस्थेने चुकीने हाती आलेले यश परत करण्याचे धैर्य दाखवावे. तरुणांना घडवणे हेच तिचे काम आहे. अन्यायाने हरलेल्याचा आक्रोश आम्ही समजू शकतो; अन्यायाने जिंकलेल्याचे मौन आम्हांस समजत नाही.