केवळ ‘ऊर्जा’ म्हणून सुटका नाही

आर्क्टिक मंकीज या शेफील्डच्या चौकडीचा पहिला अल्बम, ‘व्हॉटएव्हर पीपल से आय अ‍ॅम, दॅट्स व्हॉट आय’म नॉट’, जानेवारी २००६ मध्ये आला. पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये त्याच्या ३ लाख ६० हजारांहून अधिक प्रती खपल्या, आणि त्याच वर्षी त्याला मर्क्युरी पारितोषिकही मिळाले. तेव्हापासून त्याच्याविषयी एक शब्द हमखास वापरला जातो : ऊर्जा. हा शब्द वरकरणी स्तुतीचा आहे. पण शब्दांकडे लक्ष न देण्याची ती एक सभ्य सबब आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अल्बमचे नाव अ‍ॅलन सिलिटो यांच्या ‘सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग’ (१९५८) या कादंबरीवरून घेतलेले आहे. नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यात लेथवर राबणारा आर्थर सीटन आणि त्याची शनिवारची रात्र यांना इंग्रजी विभागांत केव्हाच प्रतिष्ठा मिळाली आहे. तीच रात्र अर्धशतकानंतर गिटारच्या साथीने आली, की मात्र आम्हां साहित्यवाल्यांना ती पोरकट भासते. ही अभिरुची नव्हे. हा माध्यमाचा विटाळ आहे.

अ‍ॅलेक्स टर्नर शेफील्डच्या उच्चारांत गातो. ‘मार्डी बम’ या शीर्षकातील ‘मार्डी’, म्हणजे रुसकी, फुरंगटलेली, हा तिथल्या घराघरांतला शब्द. बोलण्याच्या ओघात एकेका ओळीत जादा अक्षरे कोंबली जातात आणि मॅट हेल्डर्सचे ड्रम त्यांना धावत गाठतात. म्हणजे ज्याला आपण ऊर्जा म्हणतो, तो मुळात छंदाचा प्रश्न आहे. ‘व्हेन द सन गोज डाउन’ हे गाणे रस्त्यावर उभ्या असलेल्या स्त्रीकडे आधी संथपणे पाहते, मग एकाएकी भडकते आणि अखेरीस पुन्हा शांत होते. हा संताप पाहण्यातून आलेला आहे. त्याला नुसता जोश कसे म्हणावे?

हे पाहणारे पोर दुसऱ्यांना तुच्छ लेखते, असा एक आक्षेप आहे. तो काही गाण्यांपुरता आम्हांस मान्य आहे. परंतु ‘अ सर्टन रोमान्स’ या अखेरच्या गाण्यात गावातल्या टवाळ पोरांची यथेच्छ टिंगल केल्यावर निवेदकाला आठवते, की यांतले काही आपले मित्रच आहेत, आणि त्यांच्यावर रागावणे त्याला जमत नाही. उपहासाने स्वतःलाच अडवण्याचा हा क्षण कथेत आला असता, तर आपण त्यावर तासभर व्याख्यान दिले असते.

बोलीतील कविता आपण मराठीत अभ्यासक्रमाला लावतो आणि तिच्या धगीचे कौतुकही करतो. मग तोच कान इथे बंद का व्हावा? आवाज मोठा आहे, एवढे कारण आम्हांस पुरेसे वाटत नाही.