निवृत्तिवेतनाच्या रेषेपलीकडचे माजी सैनिक

दरवर्षी ७ डिसेंबरला सरकारी कचेऱ्यांतून आणि शाळा-महाविद्यालयांतून सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी गोळा केला जातो. १९४९ पासून चालत आलेला हा उपक्रम आता इतका अंगवळणी पडला आहे, की सकाळी छातीवर लावलेला कागदी ध्वज संध्याकाळी उतरवला जातो आणि पेटीत टाकलेल्या नोटेचे पुढे काय होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः माजी सैनिकांमधील एका संपूर्ण वर्गाच्या म्हातारपणाचा आधार या निधीवर उभा आहे. लष्करात सेवा करूनही ज्यांना निवृत्तिवेतन नाही, असे सैनिक आणि त्यांच्या विधवा यांचा हा वर्ग आहे.

सध्याच्या नियमांनुसार जवानाला निवृत्तिवेतनासाठी किमान १५ वर्षांची, तर अधिकाऱ्याला २० वर्षांची सेवा पूर्ण करावी लागते. घरच्या अडचणीमुळे किंवा भरतीची मुदतच कमी असल्यामुळे जे त्याआधी बाहेर पडले, ते या रेषेपलीकडे राहिले. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाचा अपवाद वगळता त्यांना दरमहा काहीही मिळत नाही. माजी सैनिकांच्या प्रश्नांवर गेल्या काही वर्षांत भरपूर चर्चा झाली. पण ती प्रामुख्याने रेषेच्या अलीकडच्यांची होती.

लढून मिळवलेला हक्क

‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ ही मागणी अनेक दशके सरकारदरबारी पडून होती. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने २०११ मध्ये तिला पाठिंबा दिला. जून २०१५ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरवर माजी सैनिकांचे आंदोलन सुरू झाले आणि ५ सप्टेंबर २०१५ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी योजनेची घोषणा केली. १ जुलै २०१४ पासून ती लागू करण्यात आली व दर पाच वर्षांनी फेरआढावा घेण्याचे ठरले.

तथापि, पहिलाच फेरआढावा लांबला. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची योजना वैध ठरवतानाच १ जुलै २०१९ पासूनच्या फेरआढाव्याचे आदेश दिले. डिसेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने त्यास मान्यता दिली, तेव्हा लाभार्थींची संख्या २५ लाखांहून अधिक होती. थकबाकीचे हप्ते कसे द्यायचे, यावरही न्यायालयाला मार्च २०२३ मध्ये वेळापत्रक घालून द्यावे लागले. त्यात कुटुंब निवृत्तिवेतनधारकांना व शौर्यपदकप्राप्तांना प्रथम, तर सत्तरी ओलांडलेल्यांना त्यानंतर अग्रक्रम देण्यात आला.

या साऱ्या घटनाक्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. निवृत्तिवेतन हा हक्क असल्यामुळे त्यासाठी रस्त्यावर उतरता आले, न्यायालयात जाता आले आणि विलंब झाला तरी अखेर पैसे मिळाले. रेषेपलीकडच्या सैनिकाच्या हाती असे कोणतेही साधन नाही.

अनुदानाची मर्यादा

पासष्टी ओलांडलेल्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, निवृत्तिवेतन नसलेल्या माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना ‘पेन्यूरी ग्रँट’ या नावाने मासिक अर्थसाह्य दिले जाते. २०१७ मध्ये ते एक हजारावरून चार हजार रुपये झाले. त्यानंतर आठ वर्षे त्यात बदल झाला नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून ते आठ हजार करण्यात आले. त्याच निर्णयात मुलांच्या शिक्षणासाठीचे अनुदान दरमहा एक हजारावरून दोन हजार, तर विवाहासाठीचे अनुदान पन्नास हजारांवरून एक लाख रुपये झाले. वाढ स्वागतार्ह आहे, यात शंका नाही.

मात्र आकडे शेजारी मांडले, की अंतर लक्षात येते. या तिन्ही अनुदानांचा वार्षिक भार सुमारे २५७ कोटी रुपये असून तो ध्वजदिन निधीतून भागवला जातो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण निवृत्तिवेतनासाठी सुमारे १ लाख ६० हजार ८०० कोटी रुपयांची तरतूद होती. म्हणजे निवृत्तिवेतनाच्या दर शंभर रुपयांमागे या अनुदानांच्या वाट्याला सुमारे १६ पैसे येतात. शिवाय निवृत्तिवेतन महागाईबरोबर वाढते. सातव्या वेतन आयोगाने किमान निवृत्तिवेतन नऊ हजार ठरवले, त्यावर महागाई भत्ता वेगळा. अनुदानाला मात्र महागाईची जोड नाही. पुढची वाढ केव्हा, हे सरकारच्या मर्जीवर अवलंबून राहते.

आरोग्यसेवेचेही तेच. १ एप्रिल २००३ रोजी सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेत पॉलिक्लिनिक आणि सूचीबद्ध रुग्णालयांतून उपचार मिळतात; पण तिचा मूळ निकष निवृत्तिवेतन हाच आहे. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या हयात सैनिकांना आणि अल्पसेवा अधिकाऱ्यांना तिचे दार उघडण्यास २०१९ साल उजाडावे लागले. साताऱ्याचे अपशिंगे मिलिटरी किंवा कोल्हापूरचे सैनिक टाकळी यांसारख्या फौजी परंपरेच्या गावांत हा भेद अधिक बोचरा ठरतो. दोन शेजारी एकाच पलटणीत होते. एकाने १५ वर्षे पूर्ण केली आणि दुसऱ्याने १४. पहिल्याच्या विधवेला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, दुसऱ्याच्या विधवेला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज करावा लागतो.

अग्निवीरांचा प्रश्न

हा केवळ जुन्या पिढीचा प्रश्न असता, तर काळाच्या ओघात तो मिटला असता. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने त्याला नवे परिमाण दिले आहे. चार वर्षांनंतर प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतील. उर्वरितांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी मिळेल. त्यातील निम्मा वाटा त्यांच्याच वेतनातून कापलेला असेल. निवृत्तिवेतन, उपदान, आरोग्य योजना आणि ‘माजी सैनिक’ हा दर्जा यांपैकी काहीही त्यांना मिळणार नाही. सेवेत मृत्यू आल्यास ४८ लाखांच्या विम्यासह एकरकमी भरपाई आहे. पण नियमित जवान युद्धात धारातीर्थी पडल्यास त्याच्या विधवेला अखेरच्या वेतनाइतके मासिक निवृत्तिवेतन मिळते, तसे अग्निवीराच्या कुटुंबाला नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या प्रारंभी पूर्ण होतात.

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. सैन्य तरुण असावे, ही अपेक्षा गैर नाही. निवृत्तिवेतनावर संरक्षण खर्चाचा जवळपास चौथा हिस्सा जात असताना शस्त्रखरेदीला पैसा अपुरा पडतो, हा युक्तिवादही निराधार नाही. निमलष्करी दलांतील दहा टक्के आरक्षणाचा उपायही जाहीर झाला आहे. परंतु सर्वांना निवृत्तिवेतन देणे शक्य नाही, याचा अर्थ बाकीच्यांची जबाबदारी देणगीच्या पेटीवर सोपवावी, असा होत नाही. वृद्ध सैनिकांच्या अर्थसाह्यासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करून त्याला महागाईची जोड देणे, निवृत्तिवेतन नसलेल्यांनाही किमान आरोग्यकवच देणे आणि बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांची जिल्हानिहाय नोंद ठेवणे, या गोष्टींसाठी तिजोरीवर असह्य भार पडणार नाही.

ध्वजदिनाला नागरिकांनी देणगी जरूर द्यावी. मात्र ती शासनाच्या कर्तव्याला पूरक असावी, त्याचा पर्याय नसावी. सीमेवर पहारा देताना १४ वर्षांची सेवा झालेला जवान आणि १५ वर्षांची झालेला जवान यांच्यात देशाने कधी फरक केला नव्हता. तो फरक म्हातारपणी इतका मोठा का व्हावा, याचे उत्तर धोरणकर्त्यांना द्यावे लागेल.