हात की दगड?

यंदाच्या सुट्टीत हैदराबादला अक्काकडे चार दिवस राहून आले. काचिगुड्यातल्या तिच्या घरात निम्मं बोलणं मराठीत आणि निम्मं कन्नडमध्ये चालतं, कारण दाजी मूळचे कलबुर्गीकडचे. ‘चाकू आण’ म्हणा नाहीतर ‘चाकू तगोंडु बा’ म्हणा, येतो तो एकच चाकू. या खेपेला मात्र त्या चाकूवरूनच घरात सगळे जरा गप्प होते.

झालं होतं असं. उन्हाळ्यात अक्का तांबडा भोपळा चिरत होती. चाकू बोथट. बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की तो घसरतो. अंगठ्याला खोलवर लागलं. त्यात अक्काला मधुमेह! जखम भरायला दीड महिना गेला. मुलाने काळजीपोटी सांगून टाकलं, “आई, आता चाकूला हात लावायचा नाही.” चाळीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळलेल्या बाईला हे किती लागलं असेल, ते मी सांगायला नको.

दाजींचे हात थरथरतात. नुसत्या दगडावर चाकू घासताना त्यांना कोन सांभाळता येत नाही. सायकलवर साण घेऊन येणारा धारवाला आता त्यांच्या गल्लीत क्वचितच फिरकतो. म्हणून त्यांनी धार लावायचं एक नवं साधन मागवलं. रचना सोपी आहे. चाकूची पाठ एका पकडीत घट्ट बसवायची. दगड लांब दांडीवर बसवलेला असतो आणि ती दांडी ठरलेल्या उंचीवरच्या भोकातून मागेपुढे सरकते. त्यामुळे कोन बदलत नाही. स्वयंपाकाच्या चाकूला दर बाजूला साधारण १५ ते २० अंश पुरतात. आधी ४०० नंबरचा दगड, मग १०००चा. नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. एका बाजूला घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला पोलादाची सूक्ष्म कड वळून येते, बोटाला हलकी खरखर लागते. मग बाजू बदलायची. शेवटी कातड्याच्या पट्ट्यावर चाकू उलटा ओढायचा.

पहिले दोन महिने धार सुरेख लागली. मग कमी कमी होत गेली. मी गेले तेव्हा ते साधन कपाटावर पडलं होतं. दाजी म्हणाले, “हातच राहिला नाही गं. यंत्र काय करणार?”

मला आमच्या लहानपणचे शेजारचे सुतारकाका आठवले. रंध्याच्या पात्याला धार लावण्याआधी ते कधी कधी दगडच शहाबादी फरशीवर वाळू-पाणी टाकून घासत बसायचे. मी दाजींचा दगड मागितला. त्यावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा मारल्या आणि जाड सपाट काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पूड व पाणी टाकून तो घासला. कडेच्या रेघा लगेच गेल्या, मधल्या तशाच राहिल्या. म्हणजे दगड मध्ये खोलगट झाला होता! दांडी सरळ, पण दगडच वाकडा. मग कोन कसा टिकणार? शिवाय दाजींनी पाण्याच्या दगडाला शेंगदाण्याचं तेल चोळलं होतं. त्यात पोलादाची काळी भुकटी अडकून त्याची छिद्रं बुजली होती. दोष हातांचा नव्हताच.

सगळ्या रेघा जाईपर्यंत दगड घासला. साबणाने तेल काढून, पुडीचा एकही कण राहू नये म्हणून ब्रशने खळखळून धुतला आणि सावलीत वाळत ठेवला. कडक उन्हात ठेवला तर तडकायची भीती. हिऱ्याच्या कणांची पट्टी असेल तर ती अशी खोलगट होत नाही. पण तिच्यावर जोर द्यायचा नाही आणि धुतल्यावर ती कोरडी पुसायची, नाहीतर गंजते.

दगड वाळेपर्यंत दाजींची कळी खुलली. म्हणाले, “अगं, पोलादाला आम्ही ‘उक्कु’ म्हणतो, तेलुगूतही तेच. त्याचंच इंग्रजांनी ‘वूट्झ’ केलं.” खरंच आहे ते. निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमला मुशीत हे पोलाद तयार व्हायचं आणि ते न्यायला इराणचे व्यापारी तिथवर येत. डॉ. व्हॉयसी यांनी लिहिलेलं त्याचं वर्णन १८३२ साली छापून आलं. साणेचा कुरुविंद दगडही आपल्याच दक्षिणेचा. इंग्रजी ‘कोरंडम’ हे नाव त्यावरूनच आलं.

संध्याकाळी दाजींनी स्वतः चाकू लावला. अक्काने पिकलेला टोमॅटो घेतला. जोर न लावता पातळ चकती पडली. सून बघत उभी होती. म्हणाली, “अत्ते, भोपळा मात्र मीच चिरणार हं!” अक्का हसली. म्हणजे बाकीची भाजी तिच्याकडे परत आली.

परतीच्या गाडीत मला माझ्या वीस वर्षांपूर्वीच्या पिवळ्या पडलेल्या नोट्स आठवत होत्या. ‘हल्लीच्या मुलांना धारच नाही’ असं स्टाफरूममध्ये आम्ही किती सहज म्हणतो! कॉलेज उघडलं की आधी त्या नोट्सवर पेन्सिलीने रेघा मारून बघणार आहे.