भाडें एक, देणारे दोन

घरमालक आणि भाडेकरू ह्यांचें नातें जगांत सर्वत्र जुनें आहे, आणि सर्वत्र तें थोडेंबहुत कडू आहे. महिन्याची पहिली तारीख एकाला घेण्याची म्हणून आठवते, तर दुसऱ्याला देण्याची म्हणून टोंचते. ह्या दोघांमध्यें तिसरा कोणी उभा राहून "ह्याच्या ऐपतीबाहेरची रक्कम मी भरतों" असें म्हणूं लागला तर? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा तिसरा म्हणजे तेथील सरकार होय. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचे मुलगे-मुली त्या देशांत स्थायिक झालेले आहेत, आणि कित्येकांनीं राहत्या घराशिवाय दुसरें एखादें घर घेऊन तें भाड्यानें दिलेलें आहे. अशा घराच्या दारीं सरकारी व्हाउचर हातांत घेऊन एखादें गरीब कुटुंब आलें म्हणजे मालक बिचकतो, आणि इकडे बसलेले वडीलहि "नको ती कटकट" असा सल्ला देऊन मोकळे होतात. हा सल्ला योग्य कीं अयोग्य हें ठरविण्यापूर्वीं ही व्यवस्था आहे तरी काय, हें समजून घेणें बरें.

अमेरिकन सरकारनें १९३७ च्या गृहनिर्माण कायद्यान्वयें गरिबांसाठीं घरें बांधण्यास साहाय्य करण्याचें काम हातीं घेतलें. पुढें १९६९ सालीं मॅसॅच्युसेट्सचे सेनेटर एडवर्ड ब्रुक ह्यांनीं सुचविलेल्या दुरुस्तीनें, अशा सरकारी घरांतील कुटुंबाकडून त्याच्या उत्पन्नाच्या शेकडा २५ हून अधिक भाडें घेऊं नये असें ठरलें. १९८१ सालीं हें प्रमाण शेकडा ३० करण्यांत आलें. मध्यंतरीं, १९७४ सालीं, विचाराची दिशाच पालटली. सरकारनें स्वतः इमारती बांधीत बसण्यापेक्षां, गांवांत जीं खासगी घरें उभीं आहेत त्यांचेंच भाडें भरावयास गरिबाला हात द्यावा, हें तत्त्व मान्य होऊन जुन्या कायद्याचें आठवें कलम नव्यानें लिहिलें गेलें. लोक ह्या मदतीला अजूनहि 'सेक्शन ८' म्हणतात तें ह्याच कलमावरून. १९९८ च्या कायद्यानें पूर्वींच्या दोन योजना एकत्र होऊन आजची 'हाउसिंग चॉइस व्हाउचर' योजना सिद्ध झाली. सुमारे २३ लाख कुटुंबें आज तिच्या आधारानें राहतात.

पैसा केंद्र सरकारचा. पण व्यवहार चालविते ती स्थानिक गृहनिर्माण संस्था. व्हाउचर म्हणजे रोख रक्कम नव्हे. तें कुटुंबाच्या हातीं पडलें म्हणजे त्यानें आपल्या पसंतीचें घर शोधावयाचें. मालकाला घर देणें पसंत असल्यास दोघांनीं मिळून संस्थेकडे मंजुरीचा अर्ज करावयाचा. मग संस्था दोन गोष्टी पाहते. पहिली, मागितलेलें भाडें त्या भागांतील तशाच बिनमदतीच्या घरांच्या मानानें वाजवी आहे कीं नाहीं. आणि दुसरी, घर राहण्यास योग्य आहे कीं नाहीं. ह्या दुसऱ्या गोष्टीसाठीं तपासनीस प्रत्यक्ष घरीं येतो. घर पसंतीस उतरलें म्हणजे दोन करार होतात: एक मालक व भाडेकरू ह्यांच्यामधला, दुसरा मालक व संस्था ह्यांच्यामधला. हा दुसरा करार भाडेपट्टा सुरू झाल्यापासून ६० दिवसांच्या आंत व्हावयास हवा. तो होईपर्यंत संस्थेकडून एक पैहि येत नाहीं. झाल्यावर मात्र मागची बाकी मिळते. म्हणून पहिला एखाददुसरा महिना हातीं धीर ठेवावा लागतो. त्यानंतर संस्थेचा वांटा महिन्याच्या महिन्यास परस्पर मालकाकडे, बहुधा त्याच्या बँकेंतील खात्यावर, जमा होतो. भाडेकरूच्या हातून तो जातच नाहीं.

वांटा कसा ठरतो तें एका कल्पित उदाहरणानें सांगतों. एका कुटुंबाचें सुटी-वजावट जाऊन मासिक उत्पन्न १,८०० डॉलर आहे असें धरूं. त्याचे शेकडा ३० म्हणजे ५४० डॉलर झाले. तेवढ्या आकाराच्या घरासाठीं संस्थेनें ठरविलेली मर्यादा १,५०० डॉलर आहे, आणि वीज-पाण्यासह भाडेंहि तितकेंच आहे. अशा वेळीं कुटुंब ५४० देतें आणि संस्था ९६० देते. भाडें १,६०० असेल तर वरचे १०० कुटुंबानें सोसावयाचे, म्हणजे त्याचा वांटा ६४० होतो. परंतु भाडें १,७०० असेल तर हा वांटा ७४० वर जातो, आणि तो उत्पन्नाच्या शेकडा ४० हून, म्हणजे ७२० हून, अधिक झाल्यामुळें नव्यानें घर घेतांना संस्था त्यास मंजुरी देत नाहीं. गरिबानें हौसेपायीं पोटाला चिमटा घेऊं नये, हा ह्या नियमाचा हेतु उघड आहे.

आतां मालकाच्या दृष्टीनें ह्यांतील मर्म पाहूं. भाडेकरूची नोकरी सुटली तर एरव्हीं पहिला घाव भाड्यावर बसतो. येथें उत्पन्न घटल्याची वर्दी संस्थेला दिली म्हणजे हिशेब पुन्हां होतो. कुटुंबाचा वांटा कमी होऊन संस्थेचा वाढतो, आणि मालकाची एकंदर रक्कम तीच राहते. हा लाभ लहान नव्हे. परंतु सरकार जामीन राहतें तें केवळ आपल्या वांट्यापुरतें. भाडेकरूनें आपले ५४० थकविले तर ते मालकानें त्याच्याकडूनच वसूल करावयाचे. घराची नासधूस झाली तरी भरपाई अनामत रकमेंतून, आणि तीहि भाडेकरूकडूनच घेतलेली. कुटुंब घर सोडून गेलें कीं त्या महिन्यानंतर संस्थेचा पैसा बंद होतो.

मालकाचींहि बंधनें आहेत, आणि तीं लेखी आहेत. घराची तपासणी सामान्यतः दोन वर्षांतून एकदां तरी होते. जिवावर बेतणारा दोष २४ तासांत आणि इतर दोष बहुधा ३० दिवसांत दुरुस्त न केल्यास संस्था आपलें देणें थांबविते. आणि त्या थकलेल्या वांट्यासाठीं भाडेकरूला घराबाहेर काढतां येत नाहीं. पट्ट्याच्या पहिल्या मुदतींत भाडें वाढवितां येत नाहीं. करारांतील भाड्याहून अधिक एक डॉलरहि हातोहात घेणें हा करारभंग ठरतो, मग भाडेकरू तो कितीहि राजीखुषीनें देवो. पागडीचा अनुभव असलेल्या मुंबईकर वाचकास ह्या नियमाचें प्रयोजन निराळें सांगावयास नको.

आणखी एक नियम एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. भाडेकरू कुटुंबांतील कोणाचाहि आई-बाप, आजा-आजी, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी किंवा नातवंड घराचा मालक असेल तर, अपंगाच्या सोयीचा अपवाद सोडून, ही मदत मिळत नाहीं. भावाचें घर भावानें घ्यावें आणि भाडें सरकारनें भरावें, असा मेळ जमत नाहीं. आपल्याकडे नात्याचा माणूस म्हणजे विश्वासाचा माणूस. तिकडचा कायदा मात्र, सार्वजनिक पैशाच्या वाटेंत नातें आलें कीं तेथें डोळा ठेवावा, असें मानतो. दोन्ही समजुतींत तथ्य आहे; आणि लोकांच्या पैशाचा हिशेब असतां दुसरी अधिक सुरक्षित, हें कबूल केलें पाहिजे.

मग असा भाडेकरू नाकारावा काय? न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्निया इत्यादि राज्यांत केवळ व्हाउचर आहे म्हणून घर नाकारणें कायद्यानें मना आहे; उलट टेक्सासनें २०१५ सालीं, माजी सैनिकांचा अपवाद ठेवून, आपल्या शहरांना असा नियम करण्यासच बंदी केली. तेव्हां ज्यानें त्यानें आपल्या राज्याचा कायदा आधीं पाहावा. पण कायदा बाजूस ठेवला तरी एक गोष्ट विसरतां येत नाहीं. सरकारी साहाय्यास पात्र असलेल्या कुटुंबांपैकीं ढोबळमानानें चारांत एकालाच तें मिळतें. कित्येकजण वर्षानुवर्षें यादींत तिष्ठत असतात. एवढ्या प्रतीक्षेनंतर हातीं आलेलें व्हाउचर ठराविक मुदतींत घर न मिळाल्यास वायां जातें. अशा वेळीं दाराशीं उच्चारलेला 'नको' हा शब्द बोलणाऱ्यास हलका वाटतो; ऐकणाऱ्याचें तो सारें नशीब फिरवितो.

आपल्या प्रांतांत हाच प्रश्न दुसऱ्या वाटेनें सोडविण्याचा यत्न झाला. १९४७ च्या मुंबईच्या कायद्यानें सामान्यतः सप्टेंबर १९४० चें भाडें हेंच प्रमाण धरून तें गोठविलें. भाडेकरूचें छप्पर टिकलें, पण त्याचा भार एकट्या मालकावर पडला. त्यानें दुरुस्ती सोडून दिली, आणि कित्येक इमारतींना लांकडी टेकू लागले. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानें हें गोठविणें गैरवाजवी ठरविलें. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें वर्षाला शेकडा ४ वाढ मान्य केली. अमेरिकेनें तोच भार सरकारी तिजोरीवर टाकला. परंतु तिजोरी दरवर्षीं जेवढी उघडेल तेवढ्यांनाच निवारा, उरलेले बाहेर. निर्दोष वाट एकहि नाहीं.

आमच्या मतें, ज्यांचीं घरें तिकडे आहेत त्यांनीं भाडेकरूची चौकशी अवश्य करावी. पूर्वींच्या मालकाला विचारावें, अनामत घ्यावी, करार अक्षरशः वाचावा. हा विवेक कोणत्याहि भाडेकरूस लागूं आहे आणि कायद्यासहि मान्य आहे. परंतु माणसाची पारख त्याच्या वागणुकीवरून व्हावी, भाड्याचा कांहीं भाग कोठून येतो ह्यावरून नव्हे. पुण्यामुंबईस शिकावयास आलेल्या आपल्याच वाडवडिलांपैकीं कित्येकांना कोणीतरी, खिशाकडे न पाहतां, खोलीची किल्ली दिली होती. ज्यांच्या घरीं आज किल्ल्या आहेत, त्यांनीं एवढें स्मरण ठेवावें.