बोलणे कुत्र्याशी, अपमान माणसाचा!

गेल्या महिन्यात सातपूरचे एक बांधव आमच्याकडे आले. घंटागाडीवर काम करतात. रोज सकाळी एका सोसायटीच्या गेटसमोर त्यांची गाडी थांबते. त्या सोसायटीतला एक पाळीव कुत्रा त्यांच्या ओळखीचा झाला आहे. "काय राजे, झाली का झोप?" असे हे विचारतात आणि तो शेपटी हलवतो. त्या दिवशी कुत्रा साखळी ओढत थेट यांच्याजवळ आला आणि यांचा हात चाटू लागला. मालकाने साखळी मागे खेचली आणि लाडाच्या सुरात कुत्र्याला समजावले, "छी छी, बाळा! त्यांना शिवायचं नाही. परत अंघोळ घालावी लागेल ना तुला!" कचऱ्याच्या बादल्या घेऊन आलेले चार लोक तिथे उभे होते. त्यातले दोघे हसले.

आमच्या या बांधवाने एवढे सांगून विचारले, "वकीलसाहेब, मला तर तो काहीच बोलला नाही. जे बोलला ते कुत्र्याला बोलला. मग केस बसते का?"

वकिलीच्या इतक्या वर्षांत आम्हाला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. लेकी बोले सुने लागे, ही म्हण मराठी माणसाला माहीत आहे. पण इथे लेकीच्या जागी कुत्रा होता आणि सुनेच्या जागी भारताचा एक नागरिक. म्हणून या प्रश्नाचा विचार चळवळीच्या वाचकांपुढे मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

माणसे कुत्र्याशी बोलतात का? बोलतात, सगळेच बोलतात. त्र्यंबक रोडवर सकाळी फिरायला निघालेले साहेब लोक कुत्र्याला 'सिट', 'कम', 'नो' असे इंग्रजीत हुकूम सोडतात आणि लाड करायचे झाले की 'शोनू', 'पिल्लू', 'माझं बाळ ते' असे मराठीत येतात. आमच्या श्रमिकनगरात, अशोकनगरातही लोक बोलतात. एमआयडीसीतून रात्रपाळी करून येणारा कंत्राटी कामगार गल्लीतल्या कुत्र्याला "काय रे, जेवलास का?" असे विचारतो, डब्यातली उरलेली पोळी टाकतो आणि ब्रेक मिळाला की घरात सांगण्याआधी त्यालाच सांगतो. मुक्या जनावराशी बोलून मन हलके होते. यात हसण्यासारखे काही नाही.

कुत्र्याला ते कळते का? शास्त्रज्ञांनी हेही तपासले आहे. हंगेरीतील बुडापेस्ट येथे आत्तिला आंदिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा कुत्र्यांना यंत्रात स्वस्थ झोपायला शिकवले आणि माणसाचे बोलणे ऐकताना त्यांच्या मेंदूत काय घडते ते पाहिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात असे दिसले की शब्द कौतुकाचा आणि सूरही कौतुकाचा असेल तरच कुत्र्याच्या मेंदूतले आनंदाचे केंद्र जागे होते. नुसता गोड सूर किंवा नुसता गोड शब्द त्याला पुरत नाही. आपल्याकडे कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवून दिले की कुणीही न शिकवलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही माणसाच्या बोटाची खूण कळते. म्हणजे शब्द, सूर आणि बोट कुणाकडे आहे, हे कुत्र्यालासुद्धा समजते. मग ते माणसाला समजत नसेल काय? त्या सकाळी शब्द कुत्र्यासाठी होते, बोट मात्र आमच्या बांधवाकडे होते.

हे बोट आजचे नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्री व गाढवे हीच त्यांची संपत्ती असावी, अशी आज्ञा आहे. 'श्वपच' या शब्दातच कुत्रा आहे. म्हणजे कुत्रा आमच्या वाट्याला दिला तो धर्मशास्त्राने. वेशीबाहेर आम्ही आणि तो सोबतच होतो. आज काय झाले? कुत्रा वेशीच्या आत आला, फ्लॅटमध्ये आला, सोफ्यावर बसला, मालकाबरोबर लिफ्टने वर जाऊ लागला. त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्याच्याबरोबर वेशीबाहेर राहिलेला माणूस अजून गेटवरच उभा आहे आणि त्याला शिवू नकोस म्हणून कुत्र्याला शिकवले जात आहे! अस्पृश्यता माणसांना शिकवून झाली, आता ती जनावरांनाही शिकवायची आहे काय?

महाडचे चवदार तळे आठवा. कुत्र्या-मांजरांना त्या पाण्याला तोंड लावायला मनाई नव्हती, माणसाला होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह ते पाणी प्राशन केले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. १९३१ साली मणिभवनात गांधीजींशी झालेल्या भेटीतही बाबासाहेबांनी हेच विचारले होते, की जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षाही हीन वागणूक मिळते त्या देशाला मी माझा देश कसा म्हणू? आणि आमचे नाशिक तर काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचे शहर. २ मार्च १९३० पासून पाच वर्षे आमच्या आजोबा-पणजोबांनी इथे लाठ्या आणि दगड खाल्ले.

पण एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात ठेवतात. १९३४ साली राजगृहात काढलेले बाबासाहेबांच्या कुटुंबाचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आहेत आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. ज्या पाण्यावर कुत्र्याला मुभा आणि आपल्याला बंदी होती, त्या पाण्यासाठी लढलेल्या महामानवाने कुत्र्याचा द्वेष केला नाही. कारण कुत्र्याने फक्त पाणी प्यायले होते, मनुस्मृती लिहिली नव्हती. म्हणून श्रीमंतांच्या कुत्र्यांचे लाड पाहून कुत्र्यावर राग काढणाऱ्या आमच्या तरुणांना आम्ही सांगू इच्छितो की आपले भांडण कुत्र्याशी नाही.

आता कायद्याचे पाहू. अॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे २६ जानेवारी २०१६ पासून, पूर्वीच्या कलम ३(१)(१०) च्या जागी कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) आले. पहिल्यात लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर केलेला अपमान येतो, दुसऱ्यात जातीच्या नावाने केलेली शिवीगाळ येते. गेटवरची घटना लोकांच्या नजरेसमोरची ठरते का? ठरते. २००८ च्या स्वर्ण सिंग खटल्यात घराच्या गेटजवळ उभ्या असलेल्या वाहनचालकाचा जातीवरून अपमान झाला होता आणि ती जागा लोकांच्या नजरेतली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पण २०२० च्या हितेश वर्मा खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे एवढे पुरेसे नाही, अपमान जातीमुळे झाला हे दिसले पाहिजे. म्हणजे आमच्या बांधवाच्या प्रकरणात उद्या समोरचे वकील उभे राहून म्हणणार, "माझे अशील कुत्र्याशी बोलत होते आणि स्वच्छतेबद्दल बोलत होते. फिर्यादीची जात त्यांना ठाऊकही नाही." हे सर्व आम्ही बांधवाला स्पष्ट सांगितले. खोटी आशा दाखवणे हा वकिलाचा धर्म नाही. राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, पण ती गोड आवाजात, लाडाच्या भाषेत, कुत्र्याच्या आडून बोलू लागली की तिला पकडायला पोलीस ठाण्याची डायरी अपुरी पडते.

जिथे कायदा अपुरा पडतो तिथे धम्माकडे वळावे. विनयपिटकात पाचित्तिय नियमांपैकी दुसरा नियम अपमानकारक बोलण्याविरुद्ध आहे. काही भिक्खू इतर भिक्खूंना त्यांची जात, नाव, गोत्र, काम, धंदा, आजार यांवरून हिणवत होते. चांडाळ, वेण, निषाद, पुक्कुस असे शब्द वापरत होते. तथागतांनी हा दोष ठरवला. अॅट्रॉसिटी कायद्याच्या शेकडो वर्षे आधी जातीवरून हिणवणे हा गुन्हा ठरवणारा नियम संघाने केला होता, हे आपल्या किती लोकांना माहीत आहे?

हा नियम सांगताना तिथे एक गोष्ट येते आणि ती मालकाच्या आणि जनावराच्या बोलण्याचीच आहे. तक्षशिलेत एका ब्राह्मणाचा नंदिविशाल नावाचा बैल होता. बैलाच्या बळावर ब्राह्मणाने एका श्रेष्ठीशी हजाराची पैज लावली, की माझा बैल एकमेकांना बांधलेल्या शंभर गाड्या ओढील. पण जुंपल्यावर मालकाने त्याला हिणकस शब्दाने हाकलले. बैल जागचा हलला नाही आणि मालक पैज हरला. नंतर बैलानेच त्याला सुचवले की दोन हजारांची पैज लाव, पण या वेळी मला शिवी देऊ नकोस. मालक चांगल्या शब्दांत बोलला आणि बैलाने शंभर गाड्या ओढल्या. कथेतला चमत्कार सोडून द्या, आपण बुद्धिवादी आहोत. तिच्यातला विचार घ्या. जनावरालाही अपमान सहन होत नाही, मग माणसाला कसा होईल? शहराच्या घाणीच्या शंभर गाड्या जो रोज ओढतो, त्याला चांगला शब्द देण्यात कुणाची पैज बुडणार आहे?

कुत्र्याशी बोलताना या लोकांना चांगले बोलता येते, हे तर सिद्धच झाले. गोड शब्द आहेत, धीर आहे, दहा वेळा समजावण्याची तयारी आहे. तेव्हा 'त्यांची बोलण्याची पद्धतच तशी आहे' ही सबब चालणार नाही. कुणाला 'बाळा' म्हणायचे आणि कुणाला 'ए, इकडे ये' म्हणायचे, हे ते ठरवून करतात.

परंतु आरसा आपल्यासमोरही धरला पाहिजे. रागावलो की आपण आपल्याच पोराला 'कुत्र्या' म्हणतो. चहाच्या टपरीवरच्या पोऱ्याला आपणही 'हाड' करतो. जयंतीच्या मंडपात आपले नेते सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला कोणत्या शब्दांत हाक मारतात? पांढऱ्या कपड्यातल्या उपासकाने विहार झाडणाऱ्या बाईंचे नाव कधी विचारले आहे काय? त्रिसरण-पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी आपण थोडे थांबले पाहिजे. खोटे न बोलणे एवढीच सम्यक वाचा नाही. कठोर आणि हिणवणारे न बोलणे हाही तिचाच भाग आहे.

आमच्या बांधवाने शेवटी फिर्याद दिली नाही. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही त्या सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र दिले आहे. मागणी एकच आहे, की ज्या चार लोकांसमोर ते शब्द उच्चारले गेले, त्याच चार लोकांसमोर त्या गृहस्थांनी यांच्याशी बोलावे. कुत्र्याशी नव्हे, यांच्याशी. नाव घेऊन, 'अहो' म्हणून. अजून उत्तर आलेले नाही. आले नाही तर पुढचा मार्ग आम्ही पाहूच.

परवा आम्ही त्यांना विचारले, आता त्या कुत्र्याशी बोलता की नाही? ते म्हणाले, "बोलतो ना. त्याचा काय दोष?"

या उत्तरात बाबासाहेबांची शिकवण आहे, असे आम्ही समजतो. प्रत्येक वाचकाने उद्या सकाळी आपल्या दारात येणाऱ्या घंटागाडीवरच्या माणसाचे नाव विचारावे आणि त्या नावाने हाक मारावी. सातपूरपासून सुरुवात करूया.

जय भीम!