विश्लेषण : घरी बिअर बनवायची तर केग की बाटली? सातारा-सांगलीत त्याआधी कायदा आडवा येतो…

स्टीलच्या पिंपाचा नळ फिरवायचा आणि घरी बनवलेली फेसाळ बिअर ग्लासात घ्यायची, असे व्हिडीओ समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. बहुतेक अमेरिका, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातले. नवशिक्याने हलकी बिअर बनवायला घेतली तर ती केगमध्ये भरावी की बाटल्यांमध्ये, यावर तिथे हौशी मंडळी हिरिरीने भांडतात. आपल्याकडे तेच व्हिडीओ पाहून ‘किट कुठे मिळेल?’ अशी विचारणा होते. सातारा किंवा सांगलीत राहणाऱ्याने मात्र केग-बाटलीच्या वादात पडण्याआधी एक गोष्ट माहीत करून घेतलेली बरी.

महाराष्ट्रात घरी बिअर बनवता येते का?

नाही. घरच्यासाठी, थोडीशी, विकायची नाही, अशी कोणतीही सवलत त्यात नाही.

महाराष्ट्रात दारूबंदी नाही, पण दारूचे नियमन ज्या कायद्याने होते तो मूळचा दारूबंदीचाच, 1949 चा आहे. त्याची रचना उलटी आहे. आधी सगळ्यावर बंदी आणि मग परवान्याने सूट. कलम 12 दारू बनवण्यास आणि ब्रुअरी चालवण्यास मनाई करते. कलम 13 त्याच्याही पुढे जाते : दारू बनवण्यासाठीचे साहित्य, भांडी, उपकरणे वापरणे किंवा जवळ बाळगणे हेही त्यात निषिद्ध आहे. म्हणजे बिअर तयार होण्याची वाट पाहावी लागत नाही. दारूच्या व्याख्येत बिअर आणि वाइन तर आहेतच, शिवाय अल्कोहोल असलेला कोणताही द्रव येतो. त्यामुळे ‘माझी बिअर हलकी आहे, चारच टक्के’ हा बचाव उपयोगाचा नाही.

या कायद्याला एफ. एन. बलसारा यांनी आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये औषधी व प्रसाधनातील अल्कोहोलसंबंधीच्या काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला. दारू हा विषय राज्यघटनेनेच राज्यांकडे सोपवलेला असल्याने दिल्लीहून यात फारसे काही बदलत नाही. गोव्यात दारू स्वस्त आहे म्हणून तिथे घरी बनवायला मोकळीक असेल, हाही गैरसमज. तिथेही उत्पादनाला परवाना लागतो.

पिणाऱ्यालाही नियमानुसार परवाना लागतो, हे अनेकांना दुकानात बिलासोबत एक दिवसाचा परवाना हातात पडल्यावरच कळते. तो परवाना पिण्याचा असतो, बनवण्याचा नव्हे.

मग परदेशात हे कसे चालते?

तिथेही ते फार जुने नाही. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट 1963 मध्ये गेली. अमेरिकेत 1978 मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने, एका घरात दोन किंवा अधिक प्रौढ असल्यास वर्षाला 200 गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण 750 लिटर, बिअर करमुक्त बनवण्याची मुभा मिळाली. तरी मिसिसिपी आणि अलाबामा ही दोन राज्ये 2013 पर्यंत अडून बसली होती. विक्रीला मात्र त्या मुभेत जागा नाही. न्यू जर्सीत किंवा लंडनजवळ राहणारे सांगलीकर ही हौस उघडपणे करू शकतात, ते या बदलांमुळे.

केग की बाटली, नेमका वाद काय?

बाटलीचा मार्ग स्वस्त. आंबवण पूर्ण झालेल्या बिअरमध्ये लिटरमागे सुमारे 6 ते 7 ग्रॅम साखर घालायची, बाटल्या भरून बूच ठोकायचे आणि दोन आठवडे थांबायचे. बिअरमध्ये उरलेले यीस्ट ती साखर खाते आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बंद बाटलीत विरघळतो. हाच फेस. पण 19 लिटरच्या एका घाण्याला 650 मिलिलिटरच्या 29 बाटल्या लागतात. त्या सगळ्या धुवा, निर्जंतुक करा, भरा. बाटलीची हौस मोडते ती बहुधा इथे.

केगमध्ये एकच भांडे धुवायचे. हौशी मंडळी वापरतात तो केग बहुधा 19 लिटरचाच, मुळात शीतपेयांच्या धंद्यातून आलेला. सोबत गॅसचा सिलिंडर, दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर, नळ्या आणि अख्खा केग मावेल असा फ्रिज. पहिला खर्च बाटल्यांच्या कितीतरी पट.

हलक्या बिअरच्या बाबतीत पारडे केगकडे झुकते आणि त्याला कारण आहे. गडद, कडवट बिअरमध्ये लपून जाणारा दोष हलक्या बिअरमध्ये लगेच जाणवतो. हवेचा थोडा संपर्क आला तरी ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. केगमधली हवा गॅसने आधीच हाकलता येते, बाटलीत ते अवघड. बाटली पारदर्शक किंवा हिरवी असेल तर उन्हाने वास बिघडतो तो वेगळाच; तपकिरी काच त्यासाठीच असते.

खरा धोका दाबाचा. 4 अंश तापमानात नेहमीइतका फेस टिकवायला साधारण 10 पीएसआय दाब पुरतो. तीच बाटली 30 अंशांवर आली की आतला दाब 40 पीएसआयच्या आसपास जातो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांवर जातो. त्यात आंबवण अर्धवट असताना घाईने बूच लावले आणि लिटरमागे 4 ग्रॅम जादा साखर उरली, तर फेसाचे प्रमाण दीडपटीच्या जवळ पोहोचते. अशा बाटल्या कपाटात फुटतात, आणि काच अंगावर येते. ज्याने गोटी सोडा पाहिला आहे त्याला हे समजावून सांगावे लागू नये. बाटलीच्या तोंडाशी ती गोटी आतल्या दाबानेच घट्ट बसलेली असते, आणि त्या बाटलीची काच जाड असते ती उगाच नाही.

आता याची चर्चा का?

राज्य मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करण्याचा निर्णय घेतला. बिअर आणि वाइनला त्यातून वगळले. मद्य महागले की ‘घरीच बनवू’ हा विचार डोके वर काढतो. पण शुल्क हेच तर सरकारचे दुखणे आहे. घरगुती बिअरवर ते आकारणार कसे आणि मोजणार कोण? महसुलाच्या दृष्टीने बनवण्याची जागा एक असावी आणि तिच्या दारावर निरीक्षक असावा, हे सोयीचे. विषारी हातभट्टीचा इतिहास हे दुसरे कारण, आणि ते खोटे नाही. मात्र भट्टी लावून गाळलेली दारू आणि केवळ आंबवलेली बिअर यांत मोठा फरक आहे. मिथेनॉलचा जीवघेणा धोका पहिलीत असतो. कायदा दोन्हींना बनवणाऱ्याच्या बाबतीत एकाच तराजूत तोलतो, ही त्याची ढोबळ बाजू.

विसंगती सांगली जिल्ह्यातच दिसते. राज्याने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले आणि त्यात पलूसला वाइन पार्क उभारले. तासगाव-पलूसच्या बागायतदाराला आपली द्राक्षे वाइनरीला विकता येतात. त्याच द्राक्षांची दोन बाटल्या वाइन स्वतःच्या घरी आंबवता येत नाही. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा शेतकऱ्यांच्या फायद्याचेच कारण पुढे केले गेले होते. विरोध झाला आणि निर्णय रेंगाळला, पण त्या गदारोळात घरगुती निर्मितीचा विषय निघाला नाही.

हौस भागवायची कशी?

केग हाताळायला शिकायचे तर आले-लिंबू किंवा कोकमाचा सोडा भरून शिकता येते. दाब, गॅस, नळ सगळे तेच, यीस्ट नाही. गॅस खाद्य दर्जाचा घ्यावा आणि सिलिंडरची दाबचाचणी झालेली आहे का, हे पाहावे. ताजी बिअरच हवी असेल तर मायक्रोब्रुअरी हा परवानाधारक मार्ग आहे. पुण्यात डूलालीने 2009 मध्ये त्याची सुरुवात केली. टाळेबंदीच्या काळात, 2020 मध्ये, राज्याने मायक्रोब्रुअरींना ताजी बिअर ग्राउलरमध्ये, म्हणजे मोठ्या सीलबंद बाटलीत, भरून विकू दिली. साताऱ्याहून पुणे शंभरेक किलोमीटर. ही बिअर थंड ठेवून दोनेक दिवसांत संपवायची असते, तेव्हा सांगलीकराने जाताना बर्फाची पेटी बरोबर ठेवावी.