सेटल झाल्यावर लावू!

शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास ताईचा व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर ताई नाहीच, नुसता गुलाबी रंग. म्हटलं, हिचा कॅमेरा गंडलाय. तेवढ्यात मागून आवाज आला, "दिसतंय का गं? नीट बघ! आईला बोलाव, बाबांना बोलाव!"

मग फोन जरा मागे गेला आणि कळलं, झाड आहे ते! गुच्छच्या गुच्छ लगडलेलं. इकडे पुण्यात पंखा पाचवर, डोकं तापलेलं आणि तिकडे न्यू जर्सीत सकाळच्या थंडीत स्वेटर घालून, हातात चहाचा मग घेऊन ताई बॅकयार्डमध्ये अक्षरशः नाचत होती. चेरी ब्लॉसम. तेही स्वतःच्या घरामागे!

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? एप्रिल आला की इन्स्टावर हेच तर असतं. पण बॉस, या एका झाडामागे अकरा वर्षांची स्टोरी आहे.

ताई तिकडे गेली तेव्हा आपल्याकडच्या सगळ्यांसारखाच तिचा प्लॅन होता. पाच वर्षं राहायचं, पैसे साठवायचे, परत यायचं. पहिल्याच एप्रिलमध्ये ऑफिसमधली मैत्रीण तिला न्यूअर्कच्या ब्रँच ब्रूक पार्कमध्ये घेऊन गेली. तिथे चेरीची पाच हजारांहून जास्त झाडं आहेत. १९२७ मध्ये कॅरोलाइन बॅमबर्गर फुल्ड नावाच्या बाईंनी दोन हजार झाडं दिली, तिथून सुरुवात. ताई त्या गुलाबी छताखाली उभी राहिली आणि तिने तिथूनच फोन केला, "माझं घर झालं ना, की पहिलं हेच झाड लावणार."

घर झालं पाचव्या वर्षी. झाड? "थांब गं, जरा सेटल होऊ दे."

जिजूंचा हिशोब साधा होता. एच-वन व्हिसा एका वेळी तीन वर्षांचा. ग्रीन कार्डची रांग मारुतीच्या शेपटासारखी. आणि हे झाड घराच्या बागेत साधारण पंधरा ते पंचवीस वर्षं जगतं. "ज्या देशात आपलं तीन वर्षांपुढचं नक्की नाही, तिथे वीस वर्षांचं झाड कशाला?" लॉजिक एकदम परफेक्ट. वर्ष गेलं. सोफा आला, टीव्ही आला, भाची झाली. बॅकयार्डमध्ये गवत.

शेवटी सहाव्या वर्षी ताईने एका माणसाला फोन केला, पैसे मोजले आणि तासाभरात झाड उभं. जात 'क्वान्झन'. जपानमध्ये हिला 'कान्झान' म्हणतात. एकेका फुलाला वीसहून जास्त पाकळ्या, म्हणून फूल दुरून छोट्या गुलाबासारखं दिसतं. फळ मात्र जवळपास धरत नाही. आईने विचारलंच, "मग खायचं काय?" काही नाही आई, नुसतं बघायचं.

दोन वर्षांत ते झाड मेलं.

आधी पानं पिवळी पडली, मग खोडातून डिंक यायला लागला. तिसऱ्या वसंतात कळीच नाही. ताई फोनवर जवळजवळ रडत होती. "मीच मूर्ख. म्हणत होते ना सगळे!" नंतर कळलं, त्या माणसाने खड्डा खोल खणला होता आणि झाड गरजेपेक्षा बरंच खाली गाडलं होतं. वर खोडाला टेकवून लाकडाच्या सालींचा हा एवढा ढीग. दिसायला टापटीप. पण मुळांना हवा नाही आणि साल कायम ओली. त्यात तिकडची चिकणमाती, म्हणजे पाणीही तुंबणार. चेरीला उपाशी राहणं एक वेळ चालेल, पण पाय पाण्यात बुडवून उभं राहणं अजिबात चालत नाही.

मग ताईने जे केलं ते टिपिकल ताई. चिडून वाचत सुटली. तेव्हा तिला समजलं की वॉशिंग्टनच्या ज्या चेरी बघायला जगभरातून माणसं येतात, त्यांचीही पहिली खेप फुकट गेली होती! १९१० मध्ये जपानहून आलेली दोन हजार झाडं किडलेली निघाली आणि सगळी जाळून टाकावी लागली. टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांनी १९१२ मध्ये पुन्हा ३,०२० झाडं पाठवली. म्हणजे सरकारी पातळीवरही पहिला अटेम्प्ट फेल!

दुसरं झाड तिने स्वतः लावलं, ऑक्टोबरमध्ये. अमेरिकेत खणण्याआधी ८११ नंबरला फोन करायचा असतो. मग माणसं येऊन जमिनीखालच्या लाइन्सवर रंगीत झेंडे लावून जातात. गॅसचा पिवळा, विजेचा लाल, पाण्याचा निळा. भाचीला वाटलं, आपला बर्थडे आहे. दिवसभर ऊन मिळेल आणि पाणी साचणार नाही अशी जागा निवडली. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या तिप्पट रुंद, पण खोल फक्त गोळ्याइतकाच. खोड जिथे पसरून मुळं सुरू होतात, तो भाग मातीच्या वर. सालींचा थर दिला, पण खोडापासून चार बोटं लांब.

आणि इथे आमच्या बाबांची एंट्री. बाबा रत्नागिरीकडचे. त्यांनी व्हिडिओवर झाड बघितलं आणि पहिला प्रश्न टाकला, "कलम आहे ना हे? सांधा दाखव."

सांधा होता! ताईच्या कमरेएवढ्या उंचीवर. खाली रानटी चेरीचा खुंट, वर क्वान्झन. बाबा खूश. "मग सांध्याच्या खाली जे फुटेल ते लगेच काढायचं. दया दाखवलीस तर खालचं रायवळ माजेल आणि वरचा हापूस उपाशी मरेल." ज्या माणसाने आयुष्यात चेरी फक्त केकवर बघितली, त्याने दहा सेकंदांत झाडाचा सगळा फंडा सांगितला.

एका बाबतीत मात्र बाबा चुकले. "थंडीत छाटून टाक" म्हणाले. चेरीला थंडी-पावसात झालेली जखम महागात पडते, त्यातून रोग आत शिरतो. कापायचंच असेल तर फुलं संपल्यावर, उन्हाळ्याच्या सुरुवातीचे कोरडे दिवस बघून, तेही कमीत कमी. बाबांनी हे ऐकून घेतलं. रेकॉर्ड आहे!

मग सुरू झालं खरं काम. फुलं असतात आठ-दहा दिवस, बाकीचं वर्ष नुसती ड्यूटी. पाऊस नसेल त्या आठवड्यात नळी मुळाशी ठेवून हळूहळू पाणी. शरद ऋतूत हरणं खोडावर शिंगं घासतात, म्हणून खोडाभोवती जाळी. जुलैत जपानी भुंगेरे येऊन पानांची चाळण करतात. अमेरिकेत हे भुंगेरे पहिल्यांदा सापडले ते न्यू जर्सीतच, १९१६ मध्ये. त्यामुळे तिथे त्यांचा लोकल दादागिरीचा हक्क! ताई ऑफिसला जायच्या आधी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन एकेक भुंगेरा त्यात पाडते.

पहिल्या एप्रिलमध्ये दोनच गुच्छ आले. तेही ऐन वेळी पडलेल्या दहिवराने काळे पडले. ताई काही बोलली नाही. पाणी घालत राहिली. आणि आता हे.

"मला पण पाहिजे!" असं तुमच्या मनात आलं असेल, तर सॉरी. पुण्या-मुंबईत हे होणार नाही. चेरीच्या कळ्यांना उमलण्याआधी हिवाळ्यात कडक थंडीचे कित्येक तास लागतात आणि आपली थंडी स्वेटर बाहेर काढेपर्यंत संपते. ऑनलाइन रोपावर पैसे घालवू नका. मुंबईत विक्रोळीच्या हायवेवर फुलतो तो टॅबेबुया, वेगळ्याच कुळातला पाहुणा. आपल्या देशातली चेरी बघायची तर नोव्हेंबरात शिलाँग गाठा. तिथे फुलतो तो पद्मक, हिमालयातला.

परवा मी ताईला न राहवून विचारलं, "व्हिसाचं काय झालं गं?" कारण यंदा पुन्हा एक्स्टेंशन आहे.

"पेंडिंग."

"आणि नाही झालं तर? हे झाड?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग बाबाच मागून बोलले, "आपल्या गावच्या घरामागची कलमं माझ्या वडिलांनी लावली. नोकरी मुंबईला. वर्षातून पंधरा दिवस रजेवर यायचे, तेवढंच. बाकीच्या वर्षात त्या झाडांना पाणी कोण घालायचं, आंबे कोण खायचं, त्यांनी कधी विचारलं नाही."

ताई म्हणाली, "बाबा, मी पाच वर्षं आधी लावायला हवं होतं." एवढंच. मग तिला स्टँडअप कॉल होता, म्हणजे ऑफिसचा. फोन ठेवला.

मी माझ्या भाड्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीकडे बघितलं. एक कपडे वाळत घालायचा स्टँड आणि एक रिकामी कुंडी. कुंडी मागच्या भाडेकरूची. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, पुढे कुठे जाऊ कोण जाणे, म्हणून तीन अ‍ॅग्रीमेंट्स झाली तरी ती तशीच रिकामी आहे.

रविवारी नर्सरीत जातेय. चेरी नाही, मोगरा. कळ्या आल्या की ताईला व्हिडिओ कॉल करणार, तिच्या मध्यरात्री!